ज्याच्या विरोधात मत दिलं, तोच निकाल पाळा म्हणाले

वाचकाचं पत्र, थोडक्यात

इंग्लंडमधल्या स्लाउ गावात वीस-बावीस वर्षं राहणाऱ्या, मूळच्या कोल्हापूरकडच्या एका ताईंचं हे पत्र आहे. युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ताईंनी राहण्याच्या बाजूनं मत दिलं, त्यांच्या पतींनी बाहेर पडण्याच्या. दोघांचाही पासपोर्ट तेव्हा भारतीय होता. निकाल बाहेर पडण्याच्या बाजूनं लागला आणि त्याचं करायचं काय, यावर देश पुढची साडेतीन वर्षं भांडत राहिला. त्या काळात ताई घरी आणि मैत्रिणींत एकच सांगत होत्या, 'मला पटलेलं नाही, पण निकाल लागलाय. आता तो अमलात आणा.'

मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आता तो विद्यापीठात शिकतो, ब्रिटननं महासंघात परत जावं म्हणून सह्या गोळा करतो, लंडनच्या मोर्च्यांना जातो. घरी आला की जेवताना बापलेकांची जुंपते. 'लोकांनी ठरवलंय, संपलं,' असं बाबा म्हणतात. मुलगा म्हणतो, 'तुम्ही इथले नागरिकही नव्हतात आणि तुम्ही ठरवलंत. मला शाळेतून आणणाऱ्या शेजारच्या पोलिश काकू बारा वर्षं इथे होत्या, त्यांना मत नव्हतं.' मग बाबा ताईंकडे बोट दाखवतात, 'तुझी आईही तेव्हा निकाल पाळा म्हणत होती.' मुलगा आता आईशीही तुटक बोलतो. ताई विचारतात, 'दोन्हीकडून मीच फितूर ठरले. तेव्हा मी चुकले का? आणि मुलाच्या अर्जावर आता सही करू की नको?'

पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे. २०१२ नंतर सासूबाईंना इंग्लंडला कायमचं आणण्यासाठी पतींनी खूप धडपड केली, ते जमलं नाही, आणि २०१४ मध्ये त्या कोल्हापुरात एकट्याच वारल्या.

उत्तर

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आपण हरलो तरी निकाल मानायचा, असं तेव्हा म्हणण्यात तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही एकट्याही नव्हतात. महासंघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करणारं विधेयक १ फेब्रुवारी २०१७ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे सरकलं. त्या ४९८ जणांमध्ये सार्वमताच्या वेळी राहण्याची बाजू घेतलेले शेकडो खासदार होते. मतदानाआधी सरकारनं घरोघरी एक पत्रक पाठवलं होतं. हा निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जो घ्याल तो सरकार अमलात आणील, असं त्यात लिहिलं होतं. ते तुमच्याही दारात पडलं असणार. दिलेला शब्द पाळा, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

मात्र तुमच्या पत्रात 'निकाल म्हणजे निकाल' हे शब्द तीन वेळा आलेत, त्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

मतपत्रिका आठवा. त्यावर दोनच चौकोन होते, एक राहण्याचा आणि एक बाहेर पडण्याचा. बाहेर पडून जायचं कुठे, हे तिथे नव्हतं. नॉर्वेसारखं युरोपच्या एकल बाजारपेठेत राहायचं का, सीमाशुल्क एकत्र ठेवायचं का, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या सीमेवर तपासणी नाके येणार का, यातलं काहीही मतदाराला विचारलं गेलं नाही. १ कोटी ७४ लाख लोकांनी एका चौकोनात फुली मारली, पण त्या फुलीमागची चित्रं वेगवेगळी होती. कुणाला मासेमारीचे हक्क परत हवे होते, कुणाला पोलंड-रोमेनियातून येणारे कामगार नको होते, कुणाला ब्रसेल्सचे कायदे नको होते. स्लाउमध्ये ५४ टक्के लोक बाहेर पडण्याच्या बाजूनं गेले. त्यांत आपल्या उपखंडातून गेलेली कितीतरी घरं होती, आणि राष्ट्रकुलातल्या लोकांसाठी आता दार उघडेल असं त्यांतल्या अनेकांना प्रचारात सांगितलं गेलं होतं.

म्हणून बाहेर पडण्याची वेळ आली तेव्हा 'निकाल पाळा' हे वाक्य पुरेना. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी करार आणला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, आणि विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. ब्रेग्झिटचे, म्हणजे महासंघातून बाहेर पडण्याचे, सर्वांत कट्टर पुरस्कर्ते त्यांत होते. हे ब्रेग्झिट खरं ब्रेग्झिट नाही, असं त्यांचं म्हणणं. २७ मार्चला सभागृहापुढे आठ पर्याय ठेवले गेले, एकालाही बहुमत मिळालं नाही. निकाल मानणारेच निकालाच्या अर्थावरून भांडत होते. तुमच्या पतींचं 'लोकांनी ठरवलंय' हे एका गोष्टीपुरतं शंभर टक्के खरं आहे. सदस्यत्व सोडायचं, हे लोकांनी ठरवलं. बाकी सगळं नंतर राजकारण्यांनी ठरवलं, आणि त्यावर बोलायचा हक्क हरलेल्यांनाही होता आणि जिंकलेल्यांनाही.

तुमचा मुलगा म्हणत असेल की ते सार्वमत नुसतं सल्ल्यापुरतं होतं. कायद्याच्या भाषेत तो बरोबर आहे. २०१५ च्या सार्वमत कायद्यात निकालानंतर काय करायचं हे लिहिलेलंच नव्हतं, आणि म्हणून संसदेच्या कायद्याशिवाय सरकारला पुढे जाता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २४ जानेवारी २०१७ रोजी आठ विरुद्ध तीन न्यायाधीशांच्या बहुमतानं दिला. पण ज्या मतदाराला 'तुम्ही ठरवाल ते होईल' असं सांगून बोलावलं, त्याला नंतर 'आम्ही फक्त तुमचं मत विचारत होतो' असं सांगणं मला माणुसकीचं वाटत नाही. निसटतं बहुमत नको होतं तर तसं आधी लिहायला हवं होतं. स्कॉटलंडमध्ये १९७९ साली तसं लिहिलं होतं. एकूण मतदारांपैकी ४० टक्के लोकांचा होकार हवा, अशी अट होती. झालेल्या मतांत ५१.६ टक्के होकार आला, पण एकूण मतदारांच्या तुलनेत तो ३३ टक्क्यांच्या आतच राहिला आणि स्कॉटलंडला विधानसभा मिळाली नाही. लोक चिडले, पण अट आधीची होती. वेल्समध्ये १९९७ साली अशी अट नव्हती. तिथे ६,७२१ मतांच्या फरकानं होकार आला आणि त्यावर वेल्सची विधानसभा उभी राहिली.

२०१६ मध्ये अट घालण्याची मागणी नंतर आली असा समज आहे. खरं तर ६० टक्के मतं आणि ७५ टक्के मतदान नसेल तर पुन्हा मतदान घ्या, असा अर्ज मतदानाच्या महिनाभर आधीच संसदेच्या संकेतस्थळावर होता. तो टाकला होता बाहेर पडण्याच्या बाजूच्या एका तरुणानं, आपण हरू या भीतीनं. निकाल उलटा लागला आणि त्याच अर्जावर राहण्याच्या बाजूच्या ४० लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. बाहेर पडण्याच्या बाजूचे एक मोठे नेते नायजेल फराज यांनीही मे २०१६ मध्ये म्हटलं होतं की राहण्याची बाजू ५२-४८ अशी जिंकली तर विषय संपणार नाही. निकाल बरोबर ५२-४८ लागला, फक्त दुसऱ्या बाजूनं.

घरात पुन्हा वाद निघाला तर दोघांना हेच विचारा. निकाल उलटा लागला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात? तुमच्या पतींनी २४ जूनला 'संपलं' म्हटलं असतं का? मुलगा 'सल्ल्यापुरतं होतं' म्हणाला असता का? उत्तर लगेच मागू नका. प्रश्न विचारा आणि भाकरी वाढा.

आता थोडं माझ्या घरचं. माझं आजोळ पेडण्याचं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल आणि वेगळं राहण्याची दोन पानं. माझे आजोबा फुलाचे, अगदी जीव तोडून प्रचार केलेले. मडगावात नोकरीला असलेला त्यांचा धाकटा भाऊ दोन पानांचा. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांनी आजोबा हरले. गोवा महाराष्ट्रात असायला हवा होता, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. पण 'निकाल खोटा', 'परत घ्या' असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कॉलेजात असताना मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, 'भाऊंनी खुर्ची सोडली होती ना.'

म्हणजे दयानंद बांदोडकर. ते मुख्यमंत्री होते आणि विलीनीकरणाचे सर्वांत मोठे नेते. सत्तेत राहून कौल घेतला तर तो निष्पक्ष होणार नाही, असं विरोधकांचं म्हणणं होतं, म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कौल राष्ट्रपती राजवटीत झाला. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. कौलात हरलेल्या बांदोडकरांच्या पक्षानं तीसपैकी सोळा जागा जिंकल्या आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या गोव्यानं विलीनीकरणवाद्यालाच राज्य चालवायला दिलं, आणि त्यांनी ते चालवलं. लगोलग दुसरा कौल मागितला नाही.

मला यात दोन गोष्टी दिसतात. हरलेल्याला खेळ सरळ झाला असं वाटत होतं. आणि हरल्यावरही त्याची जागा शाबूत होती, कुणी त्याला गप्प बस म्हणत नव्हतं. ब्रिटनमध्ये दोन्ही बिघडलं. आपण दर आठवड्याला महासंघाला ३५ कोटी पौंड पाठवतो असं लिहिलेली लाल बस गावोगाव फिरली. तो आकडा ठोक होता, ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारे पैसे त्यातून वजा केलेले नव्हते, तेव्हा फसवलं गेल्याची भावना हरलेल्यांच्या मनातून गेली नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाआधी, संसदेला विचारा एवढंच म्हणणाऱ्या उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना एका मोठ्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर लोकांचे शत्रू ठरवलं. निकाल मानणं म्हणजे तोंड बंद ठेवणं, असा अर्थ तेव्हापासून रुजला. तुमच्या जेवणाच्या टेबलावर तोच अर्थ येऊन बसलाय.

दोन पानांच्या विजयाचं पुढे काय झालं तेही सांगते. कौलानं गोवा केंद्रशासित ठेवला, पण तो कायम तसाच राहिला नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाला. मतपत्रिकेवर राज्याचा पर्याय नव्हता, तरी त्या मतांचा कुणी अपमान केला असं झालं नाही. वीस वर्षांत प्रश्नच बदलला होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, सहीला, मी वेगळं उत्तर देणार आहे. २०१९ मध्ये 'निकाल पाळा' म्हणणारी बाई आज परत जाण्याच्या अर्जावर सही करू शकते. यात विसंगती नाही. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी महासंघातून बाहेर पडला. निकाल अमलात आला. परत जायचं का, हा नवा प्रश्न आहे, आणि जुन्या निकालानं त्याचं दार बंद केलेलं नाही. १९७५ मध्ये ब्रिटननं ६७ टक्के मतांनी युरोपसोबत राहायचं ठरवलं होतं, तरी विरोधक बोलत राहिले आणि एक्केचाळीस वर्षांनी जिंकले. तो हक्क त्यांना होता तर तुमच्या मुलालाही आहे. हे वाक्य तुमच्या पतींना तुमच्याकडून ऐकू द्या. ते तुम्हाला साक्षीदार करतात तेव्हा म्हणा, 'मी निकाल पाळा म्हणाले होते, पुन्हा कधी बोलू नका असं नाही.'

मात्र मुलाशी गोडी व्हावी म्हणून सही करू नका. परत जावं असं तुम्हाला स्वतःला वाटत असेल तरच करा. आणि करण्याआधी त्याला आईनं विचारावेत असे प्रश्न विचारा. परत म्हणजे नेमकं काय? पूर्ण सदस्यत्व, की फक्त एकल बाजारपेठ? पौंड ठेवायचा की युरो घ्यायचा? पूर्वी मिळणारी वर्गणीतली सूट आता मिळाली नाही तर? लोकांची मोकळी ये-जा मान्य आहे ना, स्लाउमधल्या शेजाऱ्यांनाही? 'परत जा' एवढंच लिहून पुन्हा दोन चौकोन छापले तर दहा वर्षांनी 'निकाल म्हणजे निकाल' असं म्हणणारा तुमचा मुलगा असेल आणि समोर दुसऱ्या कुणाचा तरी रागावलेला मुलगा. हे त्याला कळेल. सह्या गोळा करत रस्त्यावर उभा राहणारा मुलगा विचार करणाराच असतो.

नागरिक नसताना मत दिलंत, या त्याच्या रागाबद्दल. सार्वमताची मतदारयादी ढोबळमानानं सार्वत्रिक निवडणुकीचीच होती. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मत असतं, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्या तुम्हा दोघांना ते होतं. युरोपीय देशांतल्या बहुतेकांना नव्हतं, अपवाद आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचा. तुमच्या पतींनी कुणाचं काही चोरलं नाही, कायद्यानं दिलेलं मत दिलं. पण काकूंबद्दल मुलाला जे टोचतं ते खरं आहे. ज्यांचं राहणं-जगणं त्या निकालावर अवलंबून होतं, त्यांना विचारलंच नाही, आणि नंतर राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायला लावलं. काकू अजून शेजारी असतील तर एकदा जेवायला बोलवा. वाद सोडवायला नको. तुमच्या पतींनी त्यांना एवढंच विचारावं, की ती वर्षं तुम्हाला कशी गेली. आपल्या माणसांनी हे युरोपीय शेजाऱ्यांना फार कमी वेळा विचारलंय.

आणि आता ती शेवटची ओळ. तुम्ही ती सहज लिहिलीत, पण मला सगळं पत्र तिथे येऊन थांबल्यासारखं वाटलं.

जुलै २०१२ मध्ये ब्रिटननं वृद्ध आईवडिलांना आणण्याचे नियम इतके कडक केले, की रोजची कामं स्वतः करता न येणारे आणि मायदेशी पैसे देऊनही ज्यांची देखभाल होऊ शकत नाही, असेच आईवडील त्यात बसतात. आपल्याकडे पैसे दिले तर बाई मिळते, म्हणून कितीतरी घरांचे अर्ज तिथेच अडले. त्याच काळात ब्रिटनमध्ये काम करणारा युरोपीय माणूस आपल्यावर अवलंबून असलेल्या आईला महासंघाच्या कायद्यानं आणू शकत होता. तुमच्या पतींनी हे शेजारीपाजारी पाहिलं असेल. आई गेल्यावर दोन वर्षांनी हाती मतपत्रिका आली तेव्हा त्यांनी फुली कशाच्या नावानं मारली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण युरोपच्या नावानं मारली नसावी, असं मला वाटतं.

आणि बाहेर पडल्यावरही तो नियम सैल झाला नाही. भारतातून विद्यार्थी आले, परिचारिका आल्या, आयटीवाले आले. आईवडिलांचा दरवाजा होता तसाच राहिला. ज्यासाठी मत दिलं ते मिळालं नाही, तेव्हा माणसाच्या हातात नुसता निकाल उरतो. तोही मुलगा काढून घेऊ बघतोय असं वाटलं तर तो माणूस 'संपलं' असंच म्हणणार. माझा अंदाज चुकीचा असू शकेल, पण तुम्ही विचारून पाहा. 'तुम्ही बाहेर पडण्याला मत का दिलंत' हा प्रश्न इतक्या वर्षांत घरात कुणी, वाद न घालता, त्यांना विचारलाय का?

असाच पेच असलेली बरीच पत्रं येतात. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या ठरावावरून भाऊ भाऊ बोलत नाहीत, मंडळात गणपतीच्या जागेवर मतदान झालं आणि निम्मे लोक वर्गणी देईनासे झाले. त्या सगळ्यांना मी मतदानाच्या आधी विचारते की ठरावात नक्की काय लिहिलंय, आणि नंतर विचारते की हरलेल्यांपैकी कुणाला समितीत घेतलंत. आणि तुमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय निघतो म्हणता, तिथे उत्तर देऊ नका. घरचं आधी.

व्हिसाच्या त्या अर्जांची फाइल तुमच्या घरात अजून असेल. अशी फाइल कुणी टाकत नाही. सासूबाईंचे डॉक्टरांचे दाखले, नकाराचं पत्र, सगळं त्यात असेल. मुलाला तेव्हा आजी आठवण्याइतकं कळत होतं, पण हे कागद त्यानं पाहिलेले नसणार. सुटीत तो घरी आला की ती फाइल कपाटातून काढा आणि पतींच्या हातात द्या. मुलाला दाखवायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही दाखवू नका.